बीजाचं आवरण आणि तीन पायजमे

४ ऑगस्ट

भिंगबाई,

मायेची वाक्यं शेवटी येतील, आधी तक्रार नोंदवून घे. एकोणीस जुलैला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तुझ्या प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावरून एका संस्कृतच्या शिक्षकाला, वय सत्तावन्न, केस अंदाजे दीडशे, उठवण्यात आलं. आरोप एकच: डोक्याला सुवासिक तेल. तुमच्या नर्सबाईंनी आधी हवा हुंगली, मग मला हुंगलं, आणि “काका, तुम्ही खालच्या मजल्यावर बसा” म्हणून जिना दाखवला. तेहेतीस वर्षं मी हे तेल लावतो. त्यानं केस राहिले नाहीत हे मान्य, पण चारचौघांत मान होता, तो त्या जिन्यावर गेला. या अपमानाचं शास्त्रीय कारण मला लेखी हवं आहे. तू सहा वर्षांची असताना माझंच भिंग घेऊन माझ्याच वहीला भोक पाडलं होतंस, तेव्हा मी कारण विचारलं नव्हतं. आता विचारतो.

दुसरी गोष्ट विचारायला जड जाते, म्हणून तिला दुसरा क्रमांक. तुझ्या मामेबहिणीची आठ बीजं काढली आणि आठांपैकी एकही फळलं नाही, एवढंच कळलं. जावईबापूंना विचारलं तर ते म्हणाले, “चिकटले नाहीत.” लिफ्टची दुरुस्ती करणारा माणूस, त्याला दोन शब्दांत बिघाड सांगायची सवय. तो गेला कामावर आणि मी बसलो विचार करत. कोण चिकटले नाहीत, कशाला चिकटले नाहीत, आणि चिकटायचं असतं हे तरी आम्हाला शाळेत कुणी शिकवलं होतं?

खारूला, म्हणजे लेकीलाच, विचारायची सोय नाही. लहानपणी सगळं गालात साठवून ठेवायची म्हणून मी तिचं नाव खारू ठेवलं. अजून साठवते. समोरच्याच ब्लॉकमध्ये राहते, रोज भाजी आणून देते, आणि या विषयावर बोलत नाही. तुझी मामी असती तर तिनं पाच मिनिटांत काढून घेतलं असतं. नऊ वर्षं झाली तिला जाऊन, आणि तिचं ते खातं मला काही चालवता आलेलं नाही.

तेव्हा समजावून सांग. तेल आधी, बीज नंतर, किंवा तुला वाटेल तसं.

मामा


१६ ऑगस्ट

प्रिय मामा,

तेलाचं कारण लेखी देते, फ्रेम करून लाव. आमच्या कपाटात, म्हणजे इनक्युबेटरमध्ये, जे गर्भ वाढतात ते काही बाळाएवढे नसतात. वाक्याच्या शेवटी तू जो टिंब देतोस, त्याहून लहान. त्यांना नाक नाही, यकृत नाही, खिडकी उघडता येत नाही. खोलीच्या हवेत जे आहे ते सरळ त्यांच्या अंगात. सुवास म्हणजे हवेत उडणारं रसायनच. म्हणून आम्ही कुणी पावडर लावत नाही, नेलपॉलिश लावत नाही, भिंतीला नवा रंग दिला तर महिनाभर काम बंद. तुझा मान गेला नाही. उलट त्या दिवशी आत अकरा जणींची बीजं होती, त्यांच्या वतीनं तू खाली बसलास. मी आभार मानते.

आता दुसरा प्रश्न. खारूच्या कागदांबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. तू मामा असलास तरी नाही. आमच्याकडे प्रत्येक डिश हातात घेताना दोघींनी नाव मोठ्यानं वाचायचं असतं, एकीनं वाचायचं, दुसरीनं ऐकून परत म्हणायचं, आणि मगच झाकण उघडायचं. नावाचा इतका धाक असलेल्या खोलीत राहून मी नातेवाइकांना पत्रातून माहिती पुरवू लागले तर झालंच. पण चिकटणं म्हणजे काय, ते कुणाही बीजाबद्दल सांगते.

स्त्रीबीज उघडं नसतं. त्याच्याभोवती एक आवरण असतं, स्वच्छ, जाडसर, काचेच्या कड्यासारखं. आम्ही त्याला झोना म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की मधे बीज आणि भोवती उजेडाची कडा. ते आवरण बाहेरून कुणी घालत नाही. बीज वाढत असताना स्वतःच धाग्याधाग्यानं विणतं. पेशी नाही त्यात एकही, नुसती प्रथिनं, तीनचार जातींची.

शुक्रजंतू पोहत येतो तो सरळ आत घुसत नाही. आधी त्याला या आवरणाला चिकटावं लागतं. आवरणातल्या एका प्रथिनाचं टोक त्याला धरून ठेवतं. माणसाचा शुक्रजंतू उंदराच्या बीजाला सोडला तर नुसता आपटून निघून जातो; धरायला टोक ओळखीचं लागतं. मग त्याच्या डोक्यावरची टोपी फुटते, शेपटी वेड्यासारखी फटकारते आणि तो आवरण कापत ढकलत आत जातो. आणि मला अजूनही जे बघून हात जोडावेसे वाटतात ते याच्या पुढे आहे. पहिला आत गेला की बीज आतून एक कात्री सोडतं. ती आवरणभर पसरते आणि धरणारी टोकं छाटून टाकते. त्यानंतर येणाऱ्यांना धरायला काही उरत नाही. दोघे आत गेले तर गर्भ जगत नाही, म्हणून ही व्यवस्था.

आणि आवरण तरीही टाकून देत नाही. तेच पुढे पाचसहा दिवस गर्भाला अंगावर घालायला होतं, गर्भाशयात पोचेपर्यंत. मग गर्भ ते फोडून बाहेर येतो.

चिकटले नाहीत म्हणजे काय, ते आता तुझं तू समज. पण घाई करू नकोस.

भिंग


२ सप्टेंबर

भिंगबाई,

तुझं पत्र चारदा वाचलं. आम्ही लहानपणी पाठ म्हणायचो तेव्हा गुरुजी एक ओळ म्हणत आणि आम्ही ती परत म्हणायचो. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही दोघी डिश हातात धरून तेच करता हे वाचून मला फार बरं वाटलं. आमची विद्या कुठेतरी उपयोगी पडते आहे. स्वयंवरं मी तेहेतीस वर्षं शिकवली, पण वर निवडल्यावर मंडपाचे खांबच छाटून टाकणारी वधू आमच्या कवींना सुचली नाही.

घाई करू नकोस असं तू लिहिलंस, आणि मी केली नाही. पूर्ण आठवडा विचार केला आणि मग निदान केलं. जे चिकटत नाहीत ते अशक्त असणार. अशक्त का, तर आपले जावईबापू दिवसभर लिफ्टच्या उभ्या बोगद्यात लोंबकळतात. तिथे मोटारीची धग, वंगणाचा वास, जेवणाची वेळ नाही आणि अंगात ती घट्ट जाड पँट. मी वाचनालयात जाऊन वाचलं. धग आणि घट्ट कपडे दोन्ही वाईट.

मग उपचार सुरू केले. तीन ढगळ पायजमे शिवून घेतले, पांढरे, नाडीचे. शिंप्याला मापं अंदाजानं दिली, त्यामुळे प्रत्येकात दीड जावई मावतो. रोज सकाळी सात बदाम भिजवून वाटीतून समोरच्या ब्लॉकमध्ये नेऊन देतो आणि खाईपर्यंत उभा राहतो. गरम पाण्यानं आंघोळ बंद. संध्याकाळी मी आणि तो तळ्याभोवती दोन फेऱ्या. त्याच्या साहेबांना पत्र लिहून बैठं काम मागून घ्यावं असंही मी सुचवलं.

तो प्रत्येक गोष्टीला “बरं” म्हणतो. पायजमा घालतो, बदाम खातो, चालतो. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही. एकदा पायजम्याच्या घोळात पाय अडकून तो तळ्याच्या कठड्यावर आपटला, तरी म्हणाला, “कापड चांगलं आहे, बाबा.” खारू मात्र मी बदाम घेऊन गेलो की उठून आत जाते आणि नळ सोडते. भांडी नसली तरी सोडते. नवऱ्याबद्दल वाईट वाटत असणार तिला. मी तिच्यासमोर काही बोलत नाही, एखादा विनोद करतो आणि परत येतो.

उपचार योग्य दिशेनं चाललेत ना, एवढं कळव.

मामा


९ सप्टेंबर

मामा,

पायजमे थांबव. बदामही थांबव. साहेबांना पत्र टाकलं नसशील तर टाकू नकोस.

कारण मला सांगता येत नाही. ज्यांना सांगता येईल ते तुझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. विचार, आणि विचारून झाल्यावर गप्प बस. तू गप्प बसलास की लोक बोलतात, हे तुला कुणी सांगितलेलं नाही म्हणून मी सांगते.

तुझीच,
भिंग


२९ सप्टेंबर

भिंगबाई,

तुझं छोटं पत्र मी चुकीचं वाचलं. पायजमे थांबव म्हणजे आता उपयोग नाही, जावयाची केस हाताबाहेर गेली, असा अर्थ मी लावला. विचार असं तू लिहिलं होतंस, तर मी विचारलं नाही, भाषण केलं.

परवा आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडली. जावई सुट्टीचा दिवस असूनही हत्यारं घेऊन बसला होता, दार उघडं, पाय बोगद्यात सोडलेले. मी शेजारी पायरीवर बसलो आणि त्याला सांगितलं की बाबा रे, यात कमीपणा नाही. काही माणसांना देव हे देत नाही. दुसऱ्या कुणाचं बीज घेता येतं, मूल दत्तक घेता येतं, मी दोन्हीला तयार आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. उदाहरणं दिली. नियोगापर्यंत गेलो. तो पाना फिरवत होता. शेवटी म्हणाला, “बघू, बाबा.”

लिफ्ट बंद म्हणून खारू जिन्यानं चढत होती. दोन्ही हातांत पिशव्या. तिनं सगळं ऐकलं होतं. पिशव्या खाली ठेवून ती म्हणाली, “त्याचं काही चुकलेलं नाही. माझ्या बीजांना आवरण धड नाही, बाबा. आणि हे त्याला जुलैपासून माहीत आहे.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पान्याकडे पाहत होता.

“मग मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही एक छानसं वाक्य केलं असतं,” ती म्हणाली, “आणि मला त्याला हसावं लागलं असतं.”

पिशव्या उचलून ती वर गेली. त्यानं लिफ्ट सुरू केली आणि मला म्हणाला, “बसा, सोडतो वर.”

या पत्रासोबत तिची चिठ्ठी आहे. तुला सगळं सांगायची मुभा दिली आहे, तिची सही आहे. आता सांग. मी या पत्रात विनोद केलेला नाही, पाहिलंस ना.

मामा


६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

चिठ्ठी मिळाली. खारूशी फोनवर बोलून खात्री केली, मगच लिहायला बसले.

वीस जुलैला सकाळी मी डिश पाहिली तेव्हा आठ बीजं होती आणि भोवती हजारो शुक्रजंतू, एकदम ठणठणीत, इकडून तिकडे पळणारे. एरवी दुसऱ्या दिवशी आवरणावर पाचपन्नास तरी अडकलेले दिसतात. खारूच्या बीजांवर एकही नव्हता. येत होते, टेकत होते आणि निघून जात होते. आणि कडा. ती उजेडाची कडा अगदी बारीक होती, रेघेएवढी. माझ्या सहकारी बाई म्हणाल्या, “जंतू मंद असतील.” मी म्हटलं, मला कडेबद्दल शंका आहे.

आमच्याकडे फ्रीजमध्ये काही बीजं असतात, पूर्ण न पिकलेली, ज्यांतून मूल होणार नाही अशी. काही बायका ती अभ्यासासाठी देऊन जातात. मिठाच्या पाण्यात ठेवतो. आतला जीव गेलेला असतो, पण आवरण शाबूत राहतं. जावईबापूंनी संमतीच्या कागदावर सही केली आणि त्यांचे उरलेले शुक्रजंतू मी अशा एका बीजावर सोडले. मामा, मला मोजता येईनात इतके चिकटले. म्हणजे त्यांच्यात कमी काहीच नव्हतं. मग खारूचं रक्त तपासायला पाठवलं. शुक्रजंतूला धरणारं ते जे प्रथिन आहे, तेच तिच्या शरीराला करता येत नाही. म्हणून आवरण पातळ, आणि त्यावर धरायला टोकच नाही.

मी दोघांना समोर बसवून सांगितलं. खारू म्हणाली, बाबांना आत्ता नको. जावईबापूंनी विचारलं, “मग त्यांना काय वाटेल?” मी म्हटलं, पुरुषाचा दोष वाटेल, सगळ्यांना तेच वाटतं. ते म्हणाले, “वाटू दे. ती तयार होईपर्यंत माझ्यावर राहू दे, मला काही जड नाही.” तुझे पायजमे त्यांनी हे माहीत असताना घातले.

आता एक गोष्ट तू शोधून काढशीलच, म्हणून आधी मीच सांगते. हा दोष दोन्हीकडून यावा लागतो. अर्धा मामीकडून, अर्धा तुझ्याकडून. अर्धा असणाऱ्या बाईला काही होत नाही, आणि पुरुषाला बीजच नसतं, त्यामुळे त्याला कधी कळायचाही संबंध नाही. तू काही केलं नाहीस, मामीनं काही केलं नाही. ही ओळ दोनदा वाच.

उपाय आहे. आवरण धरत नसेल तर आपण त्याला विचारत नाही. काचेची सुई घेऊन एकच शुक्रजंतू सरळ बीजाच्या आत सोडायचा. आवरण पातळ असल्यानं टोचताना काही बीजं फाटतील. पण जी टिकतील ती फळायला हरकत नाही. नोव्हेंबरमध्ये करू. सुई मी धरणार आहे. नात्यातलं काम घ्यावं का, असं खारूला विचारलं, ती म्हणाली, “तू लहानपणी बाबांच्या वहीला भोक पाडलंस ते अगदी गोल होतं.”

भिंग


३ डिसेंबर

भिंगबाई,

एकोणीस नोव्हेंबरला तुमच्या बाकावर एक संस्कृतचा शिक्षक बसला होता. बिनतेलाचा. तुमच्या नर्सबाईंनी हुंगलं, काही सापडलं नाही, तेव्हा त्या निराश झाल्यासारख्या वाटल्या. तेलाची बाटली मी कपाटात मागे ठेवली आहे. मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत पुढे येणार नाही.

तुला सांगायचं राहिलं, त्या दिवशी दार क्षणभर उघडं राहिलं होतं आणि मी आतून माझ्या लेकीचं नाव ऐकलं. तू वाचलंस, दुसऱ्या बाईंनी परत म्हटलं. बारशात तिच्या कानात नाव सांगितलं गेलं तेव्हा मी बाहेर पाहुण्यांना चहा विचारत होतो, ऐकायचं राहून गेलं होतं. ते त्या दिवशी ऐकलं.

नऊ बीजं, दोन फाटली, पाच फळली, त्यांतली तीन वाढली, एक गर्भ आत ठेवला, दोन गोठवले. हे आकडे मला आता पाठ आहेत. काल सकाळी रक्ताचा अहवाल आला. खारूनं तुला फोन केला हे मला माहीत आहे, तरी लिहितो, कारण लिहिताना मला तो आनंद पुन्हा एकदा होतो. गर्भ राहिला आहे.

आता आभार. तुझे मानत नाही, तुला उगाच चढेल. ते तुझ्या हातांचे मानतो. त्या बाईंचे मानतो, ज्यांनी स्वतःला उपयोग नसलेलं एक बीज मिठाच्या पाण्यात ठेवून दिलं आणि घरी गेल्या. त्यांना मूल झालं का, तेही मला कधी कळणार नाही. त्यांच्यामुळे माझा जावई निर्दोष ठरला. मी तर त्याला बदाम चारत होतो. कुठे भेटल्या तर सांग, एक म्हातारा रोज सकाळी तुमची आठवण काढतो.

तुझ्या मामीचेही मानले, फोटोसमोर उभं राहून. तू सांगितलेली ओळ दोनदा वाचली होती, तिलाही वाचून दाखवली. सत्तावन्न वर्षं मी तो अर्धा दोष अंगात घेऊन हिंडलो आणि पूर्ण विद्वान म्हणून मिरवलो. पण ती आणि मी मिळून खारू झाली, त्यात एवढीच एक गोष्ट धड उतरली नाही, हे हिशेबात वाईट नाही असं मला वाटतं. तिलाही वाटलं असतं.

जावईबापूंची माफी मागायला गेलो. आठवडाभर वाक्य जुळवत होतो. दार उघडलं तर स्वारी पांढऱ्या ढगळ पायजम्यात. मी म्हटलं, “अरे, हा आता कशाला?” तो म्हणाला, “सवय झाली, बाबा. आणि मोकळं वाटतं.” मी त्याचा हात धरून उभा राहिलो आणि त्यानं धरू दिला. मग म्हणाला, “चहा ठेवतो.” त्याच्याइतक्या कमी शब्दांत माफी देणारा माणूस मी पाहिलेला नाही.

वंशपरंपरेतून काय उतरतं, कुणाला कोण धरून ठेवतं, यावर माझ्यापाशी दोन चांगल्या उपमा तयार आहेत. तुझ्याही मनात एक आली असेल, माझ्या विनोदाबद्दलची. आपण दोघांनी ती लिहू नये.

काल खारू स्वतः अहवाल घेऊन माझ्याकडे आली. कागद पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी वाचला आणि म्हटलं, “बरं झालं गं.” एवढंच. ती आणखी थोडा वेळ थांबली, पुढे काही येतं का बघायला. काही आलं नाही, तेव्हा ती खुर्चीवर बसली आणि थोडी रडली. मी पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. बोललो नाही. तू म्हणाली होतीस ना, गप्प बसलास की लोक बोलतात. ती म्हणाली, “मला भीती वाटते, बाबा.” मी म्हटलं, “मलाही.”

तर आता तुला खरं लिहितो. हे मूल राहील की नाही, याची मला तुम्हा सगळ्यांइतकीच धास्ती आहे. ती मी एकटा वाहत नाही. माझी स्वतःची काळजी वेगळी आहे. काल आनंदाची बातमी होती म्हणून ती माझ्याकडे आली. उद्या काही वाईट झालं, तर ती ते आधी तुला सांगेल, नवऱ्याला सांगेल, आणि मला सगळ्यात शेवटी, जपून, मी काय म्हणतो ते बघत. लग्न होईपर्यंत तेवीस वर्षं ती माझ्याकडे होती आणि मी तिला हसवत राहिलो. रडायला माझ्याकडे यायचं असतं हे तिला मी कधी शिकवलं नाही. काल एकदा आली. पुन्हा येईल की नाही, मला माहीत नाही.

मामा